कंपनीचा डब्बा

सकाळी 6:40

मध्य प्रदेशातल्या खैरलांजीच्या बसथांब्यापासून जरा पुढे टिनाच्या शेडमध्ये गॅरेज आहे. मिस्त्री कुलूप काढतो, झाडू मारतो, अगरबत्ती लावतो. दिवस धानकापणीचे आहेत. रस्त्यावरून मजुरांनी भरलेला एक ट्रॅक्टर जातो. त्याच्या मागे दुसरा आवाज येतो, जड आणि फाटलेला. मिस्त्री मान वर न करताच म्हणतो, "आला आपला."

पांढरी स्विफ्ट शेडसमोर थांबते. 2017 चं मॉडेल, पेट्रोल, एमएच-31 नंबर, म्हणजे नागपूरची. पोरगा पंचविशीचा आहे. वर्षापूर्वी त्याने ही गाडी सेकंड हँड घेतली. मागच्या मालकाने कंपनीचा सायलेन्सर काढून फ्री-फ्लो बसवला होता. तोंड मुठीएवढं, चकचकीत स्टील.

"मले तर आवडते," पोरगा म्हणतो. "आरटीओले नाही आवडत ना."

दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. नागपूरची एनओसी हातात आहे. आता बालाघाटचा, म्हणजे एमपी-50 नंबर घ्यायचा. त्यासाठी गाडी दाखवावी लागणार, पीयूसीही लागणार. डॅशबोर्डवर एक चालान दुमडून ठेवलंय. गाडीत बेकायदा फेरबदल केला तर कलम 182-ए खाली एका फेरबदलाला 5000 रुपये दंड होतो.

पोरगा 7000 रुपये मोजून देतो. "यातच करा मिस्त्री. नवीन नाही परवडत."

"नवीन कोन म्हनते? मजुरी 1500 वेगळी."

पोरगा मान हलवतो. ती होकाराची की नुसती ऐकल्याची, कळत नाही.

सकाळी 7:15

गाडी खड्ड्यावर घेतली. खड्डा छातीएवढा, कडेला विटा, तळाला जुन्या ऑइलचा चिकटा. हाताखालचा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा आहे. रोज 250 रुपये. तो दिवा धरतो आणि मिस्त्री खाली उतरतो.

सायलेन्सरचा मागचा डब्बा रबराच्या झुल्यांवर लटकलाय. त्याच्या पुढे लांब पाइप. त्या पाइपवर कंपनीचा एक छोटा डब्बा असतो, रेझोनेटर. तो इथे नाही. त्याच्या जागी साधा पाइप ठोकून वेल्डिंग केलंय. मिस्त्री बोट फिरवून वेल्डिंग पाहतो. "घाईत केलंय."

कंपनीच्या डब्ब्यात आत कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात. धूर वळणं घेत बाहेर पडतो. आवाजाच्या लाटा आत आपटून एकमेकींना मारतात. फ्री-फ्लोमध्ये एकच सरळ नळी. धूर थेट बाहेर, आवाजही थेट बाहेर.

बोल्ट गंजलेले आहेत. मिस्त्री स्प्रे मारून दहा मिनिटं थांबतो. 14 नंबरचा गोटी पाना लावतो, पान्यात पाइप अडकवून जोर लावतो. पहिला बोल्ट सुटतो. दुसरा तुटतो. तुटलेला छिन्नीने काढावा लागतो. गंजाचे कपचे तोंडावर पडतात. चष्मा नाही. तो डोळे बारीक करून हातोडी मारतो.

सकाळी 8:05

फ्री-फ्लो खाली आला. मिस्त्री वर येऊन बोनेट उघडतो. इंजिनला लागून मॅनिफोल्ड, त्याच्याच पोटात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजच्या भाषेत कॅट. त्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर एक. पहिला सेन्सर आत शिरणारा धूर मोजतो, दुसरा बाहेर पडणारा. दोघांचं सारखंच आलं, तर संगणकाला कळतं की कॅट काम करत नाही. मग डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो.

या गाडीचा दिवा लागत नव्हता. मिस्त्री दुसऱ्या सेन्सरच्या बुडाशी बोट नेतो आणि थांबतो. सेन्सर आणि पाइप यांच्यामध्ये पितळी नळीचा एक तुकडा आहे.

"स्पेसर."

हाताखालचा मुलगा पाहतो. पोरगाही पाहतो.

"सेन्सर धुरातून बाहेर खेचून ठेवला. त्याले पुरा धूर भेटतच नाही, मंग तो समजते सगळं बरं आहे." मिस्त्री बोटाच्या मागच्या बाजूने कॅटवर टकटक करतो. डब्ब्यासारखा पोकळ आवाज येतो. "आत काही नाही. काढून विकली."

"काय विकली?"

"माती."

या धंद्यात तिला मातीच म्हणतात. कॅटच्या आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियमचा पातळ लेप असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड त्यावरून गेला की कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो. गाडीगणिक हे धातू अगदी थोडे, पण ऱ्होडियम 2021 साली सोन्याच्या कितीतरी पट महाग झाला होता. त्या सुमाराला पुणे जिल्ह्यात आणि गुजरातेत रात्रीतून इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाऊ लागले. इकोचा कॅट खालून सहज हाती लागतो. चोर गाडी सोडून सायलेन्सर न्यायचे.

पोरगा हिशोब करतो. "फक्त मागचा डब्बा लावला तर?"

"आवाज बसेल. पीयूसी नाही निघणार." बीएस-4 पेट्रोल गाडीला धुरात कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांपर्यंत चालतो. पोकळ कॅटने तो आकडा गाठता येत नाही.

सकाळी 8:40

मिस्त्री फोन घेऊन बाकावर बसतो. वारासिवनी: नाही. बालाघाट: मागचा डब्बा आहे, पण डिझेलचा. गोंदिया: आहे, पण फोटोत खालच्या शिवणीला भोक दिसतं. तिरोडा: फोन उचलत नाही. तुमसर: मागचा डब्बा आणि मधला पाइप दोन्ही, येऊन पाहा. भंडारा: मागून ठोकलेली एक स्विफ्ट कालच कटाईला आली. पेट्रोल. इंजिन शाबूत.

"मागून ठोकली म्हनजे डब्बा गेला, पन मॅनिफोल्ड राहिला," मिस्त्री म्हणतो. "तुमसरचं मागचं, भंडाऱ्याचं पुढचं. गाडी बनली."

काढलेला फ्री-फ्लो तो बोऱ्यात घालतो. पोरगा विचारतो, हे कशाला? "मोकळ्या हाताने गेलो तर भाव नाही तुटत."

हाताखालच्या मुलाला कामं सांगून होतात. मॅनिफोल्ड उतरव, स्टड तोडू नको, एका पल्सरचं ऑइल बदल, कोणी विचारलं तर पाचला येतो म्हण.

सकाळी 9:30

मोटरसायकलवर मिस्त्री, मी आणि बोरा. रस्ता मोवाडकडे जातो. दोन्ही बाजूंना धानाच्या पेंढ्या, कुठे मळणी सुरू. बावनथडीचा पूल ओलांडला की बपेरा, म्हणजे महाराष्ट्र. नदीच्या दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत, बोली बरीचशी एक आहे. पाट्या बदलतात, आणि पेट्रोलचा भाव बदलतो. मिस्त्री खैरलांजीत टाकी भरतच नाही. सिहोऱ्याच्या पंपावर 300 रुपयांचं टाकतो. "तिकडे याच पैशात कमी येते."

सकाळी 10:50

तुमसर. राइस मिलच्या कोंड्याचा वास गावाच्या तोंडाशीच येतो. कबाड्याचं आवार एका मिलच्या मागे आहे. दरवाजे एका ढिगात, बंपर दुसऱ्या ढिगात, सायलेन्सर भिंतीला टेकवून उभे. कोणाचं तोंड वर, कोणाचं खाली.

मिस्त्री स्विफ्टचे दोन डब्बे ओळखून बाजूला काढतो. एक वरून चकाचक, दुसरा मातकट. चकाचक डब्बा उचलून कानाशी हलवतो. आत काहीतरी खुळखुळतं. कप्पा सुटलाय. ठेवून देतो. मातकट डब्बा हलवतो. आवाज नाही. शिवणीवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबत जातो, बोटभर अंतरावर, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. टोक कुठे आत शिरत नाही.

"हा कोनत्या गाडीचा?"

"रोज नागपूर करायची ती गाडी. लय चालली आहे."

मिस्त्रीला हेच ऐकायचं होतं. पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं. गाडी दोन-दोन किलोमीटर चालून बंद होत राहिली, तर ते पाणी डब्ब्यातच साचतं आणि डब्बा आतून खातं. लांब पळणाऱ्या गाडीचा डब्बा तापतो, वाळतो. त्यामुळे कमी चाललेल्या घरगुती गाडीचा डब्बा आधी सडतो.

मधल्या पाइपवर रेझोनेटर शाबूत आहे. फक्त एका टोकाची फ्लँज वाकडी आणि अर्धी तुटलेली. मिस्त्री ती दोनदा वळवून दाखवतो, काही बोलत नाही.

"2200 दोन्हीचे," कबाडी म्हणतो.

"फ्लँज पाहा ना भाऊ."

"वेल्डिंग तर तुमचंच आहे."

"रॉड फुकट येते काय?"

1800. मग चहा. मग 1500. कबाडी बोऱ्यातून डोकावणाऱ्या फ्री-फ्लोकडे पाहतो. "हे देता?" मिस्त्री नाही म्हणतो. इथे 300 सांगतील, हे त्याला ठाऊक आहे.

पाइप आणि डब्बा इथेच ठेवायचे. येताना न्यायचे. तो खडूने पाइपवर आपलं नाव लिहितो.

दुपारी 12:10

बाजारपेठेत गॅस्केट. मॅनिफोल्डचं 180, जोडावरचं गोल 120, रबराचे तीन झुले 40 प्रमाणे 120. दुकानदार लोकल झुले पुढे करतो, 15 ला एक. मिस्त्री अंगठ्याने दाबून परत करतो. सायलेन्सर तापतो, लोकल रबर दोन उन्हाळे काढत नाही. नट-बोल्ट तो गॅरेजच्या डबीतलेच वापरणार.

बसस्टँडजवळ पोहे आणि तर्री. दोन प्लेटी, दोन चहा, 80 रुपये. पैसे त्यानेच दिले, मला देऊ दिले नाहीत. तर्री त्याने दोनदा मागून घेतली.

दुपारी 1:30

मोहाडी, वरठी, मग भंडारा. वरठीला स्टीलच्या कारखान्याची धुराडी दिसतात. कटाईचं आवार गावाबाहेर महामार्गाच्या बाजूला आहे. गॅसकटरचा निळा जाळ, उघडा दिसणारा इंजिनांचा ढीग, सावलीला झोपलेला कुत्रा.

मालक विचारतो, "कुठून?"

"खैरलांजी. बालाघाटवाली."

भंडारा जिल्ह्यात नुसतं खैरलांजी सांगून चालत नाही. मोहाडी तालुक्यात याच नावाचं गाव आहे. 29 सप्टेंबर 2006 ला तिथे भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं. हे गाव ते नव्हे, हे मिस्त्री न विचारता आधीच सांगतो. मालक मान हलवतो आणि आत चालायला लागतो.

स्विफ्टचा मागचा भाग मागच्या सीटपर्यंत आत गेलाय. पुढचं सगळं जागेवर आहे. मॅनिफोल्ड सकाळीच उतरवून कापडावर ठेवलाय. इथे बाकी कुठला माल कापडावर नाही.

मिस्त्री आधी दोन्ही हातांनी उचलतो. वजन घेतो. मग मोबाइलचा दिवा एका तोंडाला लावून दुसरीकडून पाहतो. बारीक चौकोनांची जाळी, सगळीकडून उजेड येतो. रंग राखेसारखा. काळा असता तर इंजिन जास्त पेट्रोल पीत होतं असं समजायचं. जाळी वितळलेली असती तर उजेड अडला असता. हलवून पाहतो. आत काही सुटलेलं नाही.

"6500," मालक म्हणतो.

"कंपनीचा भाव सांगता का?"

"कंपनीचा घ्याल तर पाच आकडे मोजाल. अन् तुम्ही नाही घेतला तर मातीवाला घेऊन जाते. तो हलवून नाही पाहत."

यावर मिस्त्रीकडे उत्तर नाही. मातीवाला परगावाहून येतो, रोख देतो. गाडीला लागणाऱ्या कॅटला तोडून विकायच्या कॅटशी भावात टक्कर द्यावी लागते. तो बोऱ्यातून फ्री-फ्लो काढून मालकासमोर ठेवतो.

मालक तो उलटा-सुलटा करतो. नखाने खरवडतो. स्टील खरं आहे. "500."

"नागपूरले हजाराच्या वर जाईल."

"मंग नागपूरले जा."

कटर बंद होतो. एक कामगार पाणी प्यायला येतो. फ्री-फ्लोच्या तोंडात डोकावून हसतो आणि म्हणतो, "याले गिऱ्हाईक आहे, शेठ. परवाच एक पोरगं विचारून गेलं."

मालक त्याच्याकडे रागाने पाहतो. पण बोलणं होऊन गेलं. फ्री-फ्लोचे 800 धरले, कॅटचे 5000. रोख 4200.

पैसे देण्याआधी मिस्त्री कागद मागतो. कोणत्या नंबरच्या गाडीचा कॅट, कधी घेतला, सही. मालक कुरकुरतो. "आतापर्यंत कोनी मागितला नाही."

"चोरीचा माल समजून कोनी पकडलं तर तुम्ही येनार का सोडवाले?"

मालक वहीचं पान फाडून लिहून देतो. मिस्त्री ते पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवतो. नोटांसाठी पिशवी नाही.

दुपारी 3:00

परतीच्या वाटेवर तुमसरला पाइप आणि डब्बा उचलला. पाइप मोटरसायकलच्या बाजूने आडवा बांधला, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी, तीन ठिकाणी. डब्बा मागच्या कॅरिअरवर. कॅटचा बोरा दोघांच्या मध्ये. तो खाली बांधायचा नाही. खड्ड्यात आपटला तर जाळी फुटते, मग 5000 रुपयांची नुसती माती उरते.

सिहोऱ्याच्या पुढे रस्त्यावरच धान वाळत घातलंय. गाडी कडेने घ्यावी लागते. पाइपचं टोक एका बैलगाडीच्या चाकाला घासतं. मिस्त्री उतरून पाहतो. ओरखडा. ठीक.

संध्याकाळी 5:20

पोरगा शेडमध्ये वाट पाहत बसलाय. हाताखालच्या मुलाने मॅनिफोल्ड उतरवलाय, एकही स्टड तुटला नाही. मिस्त्री स्टडवर बोट फिरवतो आणि म्हणतो, "हं." मुलगा खूश.

आधी वेल्डिंग. तुटलेली फ्लँज ग्राइंडरने कापली. डबीतून दुसरी काढून पाइपवर बसवली. गुण्याने कोन पाहिला, तीन ठिकाणी टाके मारले, पुन्हा पाहिलं. इतक्यात वीज गेली. वीस मिनिटं कोणी काही बोलत नाही. वीज आल्यावर पूर्ण गोल वेल्डिंग. चार रॉड. जोड थंड होऊ द्यायचा, पाणी मारायचं नाही.

संध्याकाळी 6:45

कॅट बसवायचा. जुनं गॅस्केट ब्लेडने खरवडून काढलं. नवीन चढवलं. नट आधी हाताने, मग मधून बाहेर, थोडे-थोडे आवळत. एकाच बाजूने आवळलं तर मॅनिफोल्ड तिरका बसतो आणि दोन महिन्यांनी फुसफुसायला लागतो.

सेन्सरला 22 चा पाना लागतो. स्पेसर काढून मिस्त्री पोरग्याच्या हातात देतो. "ठेव. आठवन."

मग खड्ड्यात उतरून मधला पाइप, गोल गॅस्केट, स्प्रिंगचे बोल्ट, मागचा डब्बा, झुले. झुला चढत नाही. साबणाचं पाणी लावलं, पक्कडने ओढला, चढला. बारा तासांपूर्वी गंज पडलेल्या तोंडावर आता साबणाचे थेंब.

रात्री 8:10

गाडी सुरू केली. आवाज इतका बसला की बाजूच्या चक्कीचा पट्टा ऐकू येतो. मिस्त्री ओलं फडकं घेऊन डब्ब्याचं तोंड क्षणभर दाबतो. मुलगा खाली जोडांवर कान लावतो. कुठे फुसफुस असेल तर आता कळेल. एका जोडावर थोडी आहे. पाव वळसा आवळला. बंद.

स्कॅनर लावला. ब्लूटूथचा, मोबाइलवर दिसणारा. पी-0420 हा कॅटचा कोड. तो नाही. पहिल्या सेन्सरचा आकडा वर-खाली नाचतोय, दुसऱ्याचा हळूहळू एका जागी थांबतोय. मिस्त्री पडदा पोरग्याला दाखवतो. पोरग्याला त्यातलं काही कळत नाही, पण तो पाहतो.

रात्री 8:40

वही निघते. पेट्रोल 300. तुमसर 1500. भंडारा 4200. गॅस्केट-झुले 420. पोहे 80. एकूण 6500. मिस्त्री 500 ची नोट वहीवर ठेवतो. "हे उरले. मजुरी 1500. म्हनजे हजार दे."

"पोह्याचे पन माझ्यातच?"

"तुझ्याच कामाले गेलो होतो बाबू."

पोरगा हसतो. खिशातून 500 काढतो. बाकीचे 500 धान विकल्यावर. मिस्त्री वहीत लिहितो, पोरग्याला वाचून दाखवतो, सही घेतो. हाताखालच्या मुलाचे 250 तिथेच देतो. चार रॉडचे 32 मनातच धरतो. हातात उरतात 718. उधारी आली तर 1218. ग्राइंडरची चकतीही बदलायला झालीय.

पोरगा किल्ली फिरवतो.

"उद्या पीयूसीले वारासिवनीले जाशील," मिस्त्री खिडकीशी वाकून सांगतो. "घरून निघाला की सरळ मशीनवरच जाय. मधात चहाले थांबू नको. कॅट थंडा असला की काम नाही करत, आकडा वर येते. दहा-पंधरा किलोमीटर चालली पाहिजे, मंग लाव नळी."

"अन् नाही आला आकडा?"

"तर परत आन. कागद आहे माझ्याजवळ, भंडाऱ्याले पुन्हा जाता येते." तो खिसा चाचपून पाहतो. "पेट्रोल मात्र तुझं."